आम्हाला गाडी येते!

हजार रुपये काढायला आलेल्या माणसाची सही नमुन्यातल्या सहीपेक्षा जराशी वाकडी पडली, तर मी त्याला सरळ परत पाठवतो. मग तो माझ्या शेजारी का राहत असेना! त्याच माणसाला मोटरसायकलसाठी कर्ज हवं असलं की मी कोटेशन मागतो, सातबारा मागतो, जामीनदार मागतो, जामीनदाराचाही सातबारा मागतो. मात्र 'तुला गाडी चालवता येते का रे बाबा?' हे मी गेल्या दिवाळीपर्यंत कुणालाही विचारलेलं नव्हतं. लायसन्सची झेरॉक्स फायलीत असायची, पण ती ओळखीचा पुरावा म्हणून!

दिवाळीनंतर विचारायला लागलो. पहिल्याच दिवशी एका बापाने माझ्याकडे असं पाहिलं, की जणू मी त्याच्या मुलाला भाकर खाता येते का ते विचारलं. "काहून येनार नाही साहेब? सहावीपासून चालवते पोट्टा. हात सोडून चालवते!"

2019 साली कायद्यात दुरुस्ती झाली. अल्पवयीन मुलाने गाडी चालवून गुन्हा केला, तर पालकाला 3 वर्षांपर्यंत कैद आणि 25,000 रुपये दंड. आमच्या कामरगावात हे कलम कुणी मनावर घेतलं, तर कारंज्याच्या बाजारात सोयाबीन न्यायला माणूस उरायचा नाही.

दुसऱ्यांना काय हसायचं! मी तरी कुठे शिकलो? शाळेच्या पटांगणात मावसभावाने मला त्याच्या गाडीवर बसवलं. पहिला धडा, 'क्लच सोड'. दुसरा धडा द्यायच्या आत गुरुजी बाजूला पळाले. ब्रेक कशाला म्हणतात ते बाभळीच्या कुंपणातून बाहेर निघाल्यावर कळलं. पुढे लायसन्ससाठी एका कॅम्पात आठचा आकडा काढून दाखवला. कॉमर्सच्या माणसाला आकडा काढायला काय लागतं? पण वळताना मागे पाहायचं असतं, समोरच्याच्या डोळ्यांत रात्री झगझगीत दिवा मारायचा नसतो, हे ना मला कुणी शिकवलं, ना कुणी विचारलं. एवढ्या भांडवलावर मी वीस वर्षं 'मला गाडी येते' म्हणून मिरवतो आहे.

मोटारीचं तरी बरं. 1989 च्या केंद्रीय नियमांनुसार मोटार ट्रेनिंग स्कूलने निदान 21 दिवस शिकवायचं असतं आणि त्यात निदान 10 तास प्रत्यक्ष गाडी चालवून घ्यायची असते. पण मोटरसायकल शिकायला शाळेत गेलेला माणूस मी अजून पाहिलेला नाही. आणि मरतं कोण? 2022 साली देशात रस्त्यांवर 1,68,491 माणसं गेली. त्यांतली शंभरात चव्वेचाळीस दुचाकीवरची. म्हणजे जे वाहन कुणीच शिकत नाही, त्याच्यावरच सगळ्यांत जास्त माणसं जातात. याला आम्ही नशीब म्हणतो.

नशिबाशी माझं भांडण नाही; ते माझ्या टेबलावर येत नाही. हिशेब येतो. ताशी 60 म्हणजे सेकंदाला जवळजवळ 17 मीटर. पुढे म्हैस आडवी आली, डोळ्यांनी पाहिली, डोक्याला कळली, पाय ब्रेकवर गेला. एवढ्यात एक सेकंद धरा. 17 मीटर संपले आणि ब्रेक अजून लागायचाच आहे! शिवाय वेग दुप्पट केला, तर ब्रेक लागल्यावर थांबायचं अंतर दुप्पट होत नाही, चौपट होतं. आमचं चक्रवाढ व्याज यापुढे गरीब गाय आहे. व्याजाचा दर पाव टक्क्याने वाढला की लोक मॅनेजरच्या केबिनमध्ये घुसतात. हा दर कुणी विचारतच नाही.

समृद्धी महामार्ग आमच्या कारंज्याजवळून गेला आहे. 2022 च्या डिसेंबरात तो नागपूर ते शिर्डी सुरू झाला, 2025 च्या जूनमध्ये सगळा 701 किलोमीटर झाला. मोटारींना ताशी 120 ची मुभा आणि दुचाकीला बंदी. बंदी आहे म्हणून आमची पोरं ती हौस गावच्या रस्त्यावर भागवतात, जिथे रात्री बिनदिव्याची ट्रॉली लावून ट्रॅक्टरवाला जेवायला घरी गेलेला असतो. 1 जुलै 2023 ला सिंदखेडराजाजवळ याच महामार्गावर बस जळून 25 माणसं गेली. त्यानंतर त्या जागी कुणी महामृत्युंजय यंत्रसुद्धा बसवलं. एवढा खटाटोप करण्यापेक्षा चालकाची झोप झाली आहे का, एवढं बस सुटताना विचारणं किती सोपं! पण यंत्राला प्रश्न विचारावे लागत नाहीत.

आता दिवाळीनंतर हे खूळ माझ्या डोक्यात का शिरलं ते सांगतो. आमच्याकडे वर्षाला 20 रुपयांत 2 लाखांचा अपघात विमा निघतो. त्याचा क्लेम घेऊन एक म्हातारबा काउंटरवर आले. एफआयआर, पंचनामा, पोस्टमॉर्टेम, सगळे कागद चौपदरी घडी घालून पिशवीत आणलेले. मी सवयीने सही ताडून पाहिली. बरोबर होती. मयताचं नाव वाचलं आणि ओळख पटली. दोन दसऱ्यांपूर्वी त्या पोराची कर्जाची फाइल मीच केली होती. पेढा देऊन गेला होता. हेल्मेट आरशाला अडकवलेलं होतं, तेही आठवलं.

"कागद बरोबर आहेत बाबा," मी म्हणालो.

त्यांनी पिशवीची घडी केली. जायला निघाले आणि परत वळून काचेपाशी आले.

"साहेब, गाडीचे सात हप्ते राह्यले हायेत. ते आता मी भरू ना?"