मधली रेघ
गणपती जवळ आले की स्क्रीन प्रिंटिंगवाल्यांकडे मंडळांच्या टी-शर्टांचे गठ्ठे येऊन पडतात. रंग कुणीही ओढेल. शर्ट सरळ बसवणारा हात मात्र दुर्मीळ. शर्ट ज्या पाटावर चढवतात, त्यावर मधोमध रेघ आखलेली असते. शर्ट उभा दुमडून घडी पाडायची, ती रेघेवर आणायची, गळा पाटाच्या कडेशी जुळवायचा. पाटाला हलका गोंद लावलेला, म्हणून कापड छपाईच्या जाळीबरोबर उचललं जात नाही. नवशिका बाजूची शिवण पाहतो आणि फसतो: सिंगल जर्सीचं कापड पीळ खातं, शिवण पोटाकडे सरकते. जाणता कारागीर दोन्ही खांदे आणि काखा पाहतो. छाप गळ्याखाली साधारण ३ इंचांवर. दुसरा रंग असेल, तर पहिला जागेवरच सुकवायचा. शेवटचा रंग पडेपर्यंत शर्ट पाटावरून सोडवायचा नाही.