ट्रॅक्टर शेतात, विमा रस्त्यावर

उमापूर (जि. बीड) : गेवराई तालुक्यातील उमापूरसारख्या गावांत ट्रॅक्टर हे आता केवळ नांगरटीचे यंत्र राहिलेले नाही. शेणखत शेतात टाकणे, कापूस बाजारात पोहोचविणे, ऊस कारखान्यावर नेणे, मुरूम वाहणे आणि गाळप हंगामाच्या तोंडावर ऊसतोड टोळ्यांना बिऱ्हाडासह पश्चिम महाराष्ट्रात वा कर्नाटकात पोहोचविणे, ही सारी कामे याच वाहनाकडून करून घेतली जातात. विमा काढताना मात्र कागदावर बहुधा एकच वापर नोंदविला जातो, तो म्हणजे शेतीचा. अपघात होईपर्यंत ही विसंगती कोणाच्या लक्षात येत नाही आणि अपघातानंतर भरपाईचा दावा नेमका तिच्यावरच अडतो.

मोटार वाहन कायदा, 1988 च्या कलम 146 नुसार सार्वजनिक ठिकाणी वाहन चालविण्यासाठी त्रयस्थ व्यक्तीचा म्हणजेच ‘थर्ड पार्टी’ विमा सक्तीचा आहे. ट्रॅक्टर त्याला अपवाद नाही. कायद्याच्या व्याख्येनुसार ट्रॉली हेदेखील मोटार वाहनच आहे. तथापि, ट्रॅक्टर हे मुळात स्वतःवर ओझे वाहण्यासाठी बनविलेले वाहन नव्हे, अशीच त्याची कायद्यातील व्याख्या आहे. चालकाखेरीज कोणासाठीही त्यावर आसन गृहीत धरलेले नसते. परिणामी, ट्रॅक्टरने रस्त्यावरील पादचाऱ्यास उडविले तर विमा कंपनीवर जबाबदारी येते. पण मडगार्डवर बसलेला शेजारी किंवा ट्रॉलीतील मजूर दगावला तर तीच कंपनी जबाबदारी नाकारू शकते.

न्यायालयाचे निर्णय काय सांगतात?

सर्वोच्च न्यायालयाने 2004 मध्ये नॅशनल इन्शुरन्स विरुद्ध व्ही. चिन्नम्मा या प्रकरणात हीच भूमिका घेतली. विक्रीसाठी भाजीपाला घेऊन ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून निघालेल्या व्यापाऱ्याच्या मृत्यूबद्दल विमा कंपनीस जबाबदार धरता येणार नाही, असा निर्णय न्यायालयाने दिला. ओरिएंटल इन्शुरन्स विरुद्ध ब्रिजमोहन या 2007 च्या प्रकरणात मातीने भरलेल्या ट्रॉलीवरून प्रवास करणारा मजूर जखमी झाला होता. पॉलिसी शेतीकामापुरती असल्याने कंपनीची जबाबदारी न्यायालयाने मान्य केली नाही. मात्र, जखमी हा गरीब मजूर असल्याचे ध्यानात घेऊन, राज्यघटनेच्या अनुच्छेद 142 खालील विशेषाधिकार वापरून, कंपनीने आधी रक्कम द्यावी व नंतर ती मालकाकडून वसूल करावी, असा आदेश देण्यात आला. या आदेशाने मजुराला दिलासा मिळाला. परंतु अखेरचा बोजा ट्रॅक्टर मालकावरच राहिला. दोन-तीन एकर कोरडवाहू जमीन आणि ट्रॅक्टरचे कर्ज एवढाच पसारा असलेल्या मालकाच्या दृष्टीने अशी वसुली म्हणजे जमीन विकण्याची वेळ होय.

शेत ‘सार्वजनिक’ आहे काय?

दुसरा वाद अपघात कोठे झाला यावर उभा राहतो. नांगरट करताना धुऱ्यावर वा विहिरीच्या काठावर ट्रॅक्टर उलटला तर ते सार्वजनिक ठिकाण नव्हे, असा मुद्दा पुढे केला जातो. या संदर्भात मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्ण पीठाचा पांडुरंग चिमाजी आगळे प्रकरणातील 1988 चा निर्णय महत्त्वाचा आहे. लोकांना ज्या ठिकाणी प्रवेश मिळतो, मग तो हक्काने असो वा कोणाच्या नियंत्रणाखाली, ते ठिकाण सार्वजनिक ठरते, असा व्यापक अर्थ त्यात लावण्यात आला. मजुरांची ये-जा असलेले शेत वा खळे यांबाबत दावेदाराला या निर्णयाचा आधार घेता येतो. मात्र, त्यासाठी घटनास्थळाचा पंचनामा झालेला असणे आणि त्यात वाहनाचा क्रमांक व चालकाचे नाव नोंदलेले असणे आवश्यक ठरते. शेतातील मृत्यूची नोंद केवळ ‘आकस्मिक मृत्यू’ अशी राहिली तर पुढचा दावा सुरुवातीलाच लंगडा पडतो.

चालकाची स्थितीही फारशी वेगळी नाही. थर्ड पार्टी विमा मालकाच्या स्वतःच्या मृत्यूची भरपाई देत नाही. त्यासाठी मालक-चालकाचा वैयक्तिक अपघात विमा असतो. विमा नियामक प्राधिकरणाने 2018 मध्ये त्याची किमान रक्कम 15 लाख रुपये केली. परंतु हे संरक्षण नोंदणीकृत मालकाला आणि त्याच्याकडे वैध परवाना असेल तरच मिळते. ट्रॅक्टर वडिलांच्या नावावर आणि चालविणारा मुलगा, हे चित्र गावोगाव दिसते. अशा वेळी मुलगा दगावल्यास ना तो त्रयस्थ ठरतो, ना मालक. मालकाचे वाहन मागून चालविणारा मालकाच्याच जागी येतो, हे सर्वोच्च न्यायालयाने 2009 मध्ये निंगम्मा प्रकरणात स्पष्ट केले आहे. परवान्याबाबत मात्र दिलासा आहे. 7,500 किलोपेक्षा अधिक वजन नसलेला ट्रॅक्टर कायद्याने हलक्या वाहनात मोडतो.

हौसेच्या खेळांचा विचारही येथे अप्रस्तुत नाही. यात्रा-जत्रांतील वाहनांच्या शर्यती असोत वा सह्याद्रीच्या घाटवाटांतील जीपच्या स्पर्धा, आयोजित शर्यत व वेगाची चाचणी यांसाठीचा वापर पॉलिसीतून वगळलेला असतो. कायद्याचे कलम 150 विमा कंपनीला हा बचाव करण्याची मुभा देते. अशा ठिकाणी प्रेक्षक जखमी झाला तरी विम्याचा भरवसा धरता येत नाही.

योजना आहेत, मुदतीही आहेत

राज्य शासनाच्या गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेतून शेतकऱ्याच्या अपघाती मृत्यूनंतर वारसांना 2 लाख रुपये मिळतात. केंद्राच्या प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेत वर्षाला 20 रुपये हप्त्यात तेवढेच संरक्षण आहे. ऊसतोड कामगार, वाहतूकदार व मुकादम यांच्यासाठीच्या अपघात विमा योजनेलाही राज्य मंत्रिमंडळाने 2024 मध्ये मान्यता दिली. न्यायाधिकरणाच्या दाव्यासाठी कायद्यातील 2019 च्या दुरुस्तीने, 1 एप्रिल 2022 पासून, सहा महिन्यांची मुदत घातली आहे. तिला सर्वोच्च न्यायालयात आव्हान देण्यात आले असले तरी दावेदाराने त्या भरवशावर थांबणे धोक्याचे आहे. अपघात कोल्हापूर वा सांगलीत झाला तरी राहत्या जिल्ह्यात दावा दाखल करण्याची सोय कलम 166 मध्ये आहे. बीडच्या टोळ्यांना ती विशेष उपयोगाची आहे.

मात्र, अनुदान हे विम्याला पर्याय ठरू शकत नाही. ट्रॅक्टरच्या पॉलिसीत मजुरांसाठी जादा हप्ता भरून संरक्षण घेता येते. भाड्याच्या कामासाठी व्यावसायिक वापराची नोंद करता येते. हा खर्च एकट्या मालकाच्या माथी मारला जातो, हे खरे दुखणे आहे. कारखाने तोडणी-वाहतुकीचे करार करतात आणि मुकादमामार्फत उचल देतात. वाहन करारावर लावतानाच ट्रॅक्टर व ट्रॉलीचा विमा, त्यातील वापराची नोंद आणि चालकाचा परवाना तपासणे त्यांना अशक्य नाही. बिऱ्हाड नेण्यासाठी ट्रॉलीऐवजी प्रवासी वाहन देणे हा त्याहून सरळ उपाय आहे. साखर आयुक्तालय व परिवहन विभागाने गाळप परवान्याच्या वेळीच ही अट घातली, तर ट्रॉलीत बसणाऱ्या माणसाचा हिशेब अपघातापूर्वी होईल.