शरण कोणाला?

ग्वाल्हेरच्या जुन्या मराठी घरांना ‘शरणागती’ हा शब्द परका नाही. गीतेचा अठरावा अध्याय आणि तुकोबांची गाथा जिथे पिढ्यान्‌पिढ्या वाचली गेली, तिथे देवाला शरण जाणे म्हणजे काय हे कोणी शिकवावे लागत नाही. मात्र तोच शब्द ख्रिस्ती माणसाच्या तोंडी आला की आपल्या कपाळाला आठी पडते. त्याला कारणही आहे. आपल्या थाटीपुराला लागून असलेली मुरारची छावणी १८८६ साली शिंदे सरकारकडे परत आली. तोवर तिथे इंग्रजांचे ठाणे होते. गोऱ्या पलटणीच्या पाठोपाठ आलेल्या धर्मातली शरणागती म्हणजे साहेबापुढे मान तुकवणे, असे आपल्या वाडवडिलांना वाटले असेल तर नवल नाही.

पंडिता रमाबाईंचे चरित्र वाचले की हा समज टिकत नाही, असे माझे मत आहे. २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडात वाँटेज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पण पुढे काय झाले? तेथील मठातल्या भगिनींशी त्यांचे खटके उडू लागले. अमुक मान, तमुक मानू नकोस, या आज्ञा त्यांना पटेनात. भटभिक्षुकांचे जू मानेवरून काढले ते दुसऱ्या पाद्र्यांचे जू चढवून घेण्यासाठी नव्हे, अशा आशयाचे पत्र त्यांनी १८८५ साली सिस्टर जेराल्डिन यांना लिहिले. आश्रय ज्यांचा घेतला त्यांनाच असे सुनावणारी बाई लाचार म्हणता येईल काय?

आणि तरीही त्यांच्या मनाला शांती नव्हती. ख्रिस्ती धर्म सापडला, पण ख्रिस्त सापडला नाही, असे त्यांनीच १९०७ मधील आपल्या आत्मनिवेदनात सांगितले आहे. बाप्तिस्म्यानंतर सुमारे आठ वर्षे ही तगमग चालली. अखेर आपल्या विद्येने, आपल्या सत्कर्मांनी आपण तरणार नाही, हे कबूल करून त्यांनी स्वतःला देवावर सोपवले. येशूच्या कथेतही क्रम हाच आहे. गेथशेमनेच्या बागेत तो आधी दुःखाचा प्याला टळावा म्हणून विनवतो, आणि मग पित्याच्या इच्छेला होकार देतो. झगडा आधी, शरणागती नंतर. झगडा चुकवून आलेल्या शरणागतीला आपल्याकडेही आळस असेच म्हणतात!

रमाबाईंविषयी आपल्या लोकांची तक्रार सर्वस्वी खोटी होती असेही नाही. शारदा सदनात धर्माच्या बाबतीत अलिप्तता पाळली जाईल या भरवशावर लोकांनी मुली पाठविल्या होत्या. १८९३ साली तो भरवसा उडाला, आणि रानडे-भांडारकरांसारख्या हितचिंतकांनीही सल्लागार मंडळ सोडले. ज्याचा मार्ग त्याने चालावा. पण पोरक्या विधवा मुलींसमोर आपला मार्ग कितपत ठेवावा, हा प्रश्न आजही अवघड आहे आणि मी त्यात रमाबाईंची वकिली करणार नाही.

कवी टिळकांची गोष्ट थोडी निराळी. १० फेब्रुवारी १८९५ ला मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला, आणि लक्ष्मीबाईंच्या वाट्याला कित्येक वर्षांची ताटातूट आली. ‘स्मृतिचित्रे’ वाचलेल्या घरांना ती हकीगत सांगायला नको. देवाला शरण गेलेल्याची किंमत पुष्कळदा घरचे माणूस भरते, हे त्या पुस्तकाइतके क्वचितच कुठे उमगते. तुकारामाच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असे टिळक म्हणत. १९१७ साली त्यांनी मिशनची नोकरी सोडली आणि ‘देवाचा दरबार’ उभारला. देवापुढे वाकलेला माणूस मिशनपुढे वाकलाच पाहिजे असे नाही, हे त्यांनीही दाखविले.

शरण गेल्यावर हातपाय गळतात म्हणणाऱ्यांनी केडगाव पाहावे. १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून रमाबाईंनी शेकडो मुली तिथे आणल्या, त्यांना जेवू घातले आणि हाताला काम शिकविले. पुढे उतारवयात बायबल मराठीत आणायचे म्हणून त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. छपाई मुक्तीच्याच छापखान्यात, आश्रमातल्या बायकांच्या हातून होत होती. १९२१ साली एकुलती एक मुलगी मनोरमा गेली. त्यानंतरही भाषांतराचे काम थांबले नाही; ते पुरे झाले, आणि ५ एप्रिल १९२२ ला रमाबाईंनी देह ठेवला.