आधी दगड बघा, मग खोटा दगड बनवा

मंडळी, या शनिवारी थोडं भांडायचं आहे. विषय तसा पोरखेळाचा वाटेल: दिवाळीचा किल्ला, गणपतीचं मखर, बाहुलीचं घर, आणि त्यांच्या भिंतींवर आपण जो खोटा दगड काढतो तो. माझं म्हणणं एका वाक्यात सांगतो. आपण खोटा दगड इतका वाईट बनवतो, कारण आपण खरा दगड कधी धड पाहिलेलाच नाही. आणि ही गोष्ट हसण्यावारी नेण्यासारखी नाही.

नेहमीचा किल्ला आठवून पाहा. करड्या रंगाचा एक डबा आणायचा, सगळ्या भिंती सपाट रंगवायच्या आणि त्यावर काळ्या स्केचपेनने विटांसारख्या चौकटी मारायच्या. झाली तटबंदी! अहो, ही विटांची भिंत झाली, आणि तीसुद्धा शाळेच्या चित्रकलेच्या वहीतली. तटाचा प्रत्येक दगड एकाच मापाचा, एकाच रंगाचा? गवंडी दगड रचत होते की कॉपी-पेस्ट करत होते?

दुसरा प्रकार आणखी भारी. दुकानातून तयार प्लास्टरचा किल्ला आणायचा. तीन बुरूज, एक दरवाजा, वर भगवा. हा रायगड का, तर खाली 'रायगड' असं लिहिलंय म्हणून. पाटी बदलली की तोच प्रतापगड. तिसरा प्रकार म्हणजे दगडाचं चित्र छापलेला चिकट कागद. दर दीड फुटावर तोच डाग, तोच तडा. एकदा लक्षात आलं की दुसरं काही दिसतच नाही.

यावर ठरलेलं उत्तर येतं, "अरे, खोटंच तर आहे, त्यात एवढं काय?" इथेच माझं डोकं फिरतं. खोटा दगड ही मोठी जुनी आणि इभ्रतीची कला आहे. अमेरिकेत जॉर्ज वॉशिंग्टनचं माउंट व्हर्नन नावाचं घर आहे. लांबून दगडी दिसतं, पण आहे लाकडाचं. पाइनच्या फळ्यांना चिऱ्यांसारख्या खाचा पाडल्या, रंग दिला आणि तो ओला असतानाच वर वाळू मारली. राष्ट्राध्यक्षाचं घर हो! आपल्याकडे नितीन देसाईंनी २००५ मध्ये कर्जतला स्टुडिओ उभा केला आणि तिथे किल्ल्यांचे, महालांचे सेट रचले. लाकूड आणि प्लास्टरच होतं ते. पण पडद्यावर बघताना कुणाला शंका आली? खोटं असणं हा गुन्हा नाही. न बघता केलेलं असणं हा गुन्हा आहे.

आता बघायचं म्हणजे काय, ते सांगतो. इंजिनियर असल्यामुळे मुद्दे क्रमांक घालून देतो, ह. घ्या.

१. माप. किल्ल्यावरचा मातीचा मावळा साधारण ८ सेंटिमीटर उंच असतो. खरा माणूस धरा १६० सेंटिमीटर. म्हणजे प्रमाण झालं एकास वीस. तटाचा अर्ध्या मीटरचा दगड तुमच्या किल्ल्यावर अडीच सेंटिमीटरचा हवा. आपण काढतो सात-आठ सेंटिमीटरचा, म्हणजे मावळ्याच्या उंचीचा! बाहुलीच्या घराचं तर आणखी सोपं. जगभर एकास बारा हे प्रमाण चालतं, म्हणजे फुटाला एक इंच. पट्टी घ्या, भागाकार करा. तिसरीतल्या पोरालाही जमेल.

२. रचना. वरच्या थरातली उभी फट खालच्या थरातल्या फटीवर येता कामा नये, नाहीतर भिंत तिथेच उभी चिरेल. कोपऱ्याला मोठे, घडीव दगड हवेत, एकदा या बाजूला लांब, एकदा त्या बाजूला. खिडकीच्या वर आडवा लांब दगड तरी हवा किंवा कमान तरी, आणि कमानीच्या मधोमध पाचरीसारखा दगड. आपल्या मखरांत खिडकीवरचे दगड सरळ हवेत लटकलेले असतात. गुरुत्वाकर्षण मखरालाही लागू आहे हो.

३. रंग. सह्याद्रीचा दगड काळा, हे आपण पाठ केलेलं वाक्य आहे. जाऊन बघा. नुकता फुटलेला काळानिळा, उन्हापावसात राहिलेला तपकिरी, कुठे तांबूस, कुठे पांढरट डाग. मुंबईतच घ्या. सीएसएमटीच्या भिंतींत मालाडचा पिवळट दगड आहे, राजाबाई टॉवरमध्ये कुर्ल्याचा. कोकणातलं जांभ्याचं घर लालसर आणि भोकाभोकांचं. आणि आपल्याकडे 'दगडी रंग' म्हणजे एकच डबा!

आता करायचं कसं? महागड्या सामानाची काही गरज नाही. अंड्यांचे कागदी ट्रे असतात ना, ते घ्या. हातानेच फाडा, कात्रीने नको, कारण फाटलेली कडच दगडासारखी दिसते. तुकडे फेव्हिकॉलने पुठ्ठ्यावर एकेक करून लावा, मोठे खाली आणि कोपऱ्यांना. दरजांत कागदाचा लगदा भरा. वाळल्यावर तीन-चार वेगवेगळे रंग दगडांवर विखरून द्या, शेजारशेजारी एकच रंग नको. मग काळपट रंग पाण्यासारखा पातळ करून सगळ्या भिंतीवर सोडा, तो आपसूक फटींत जाऊन बसतो. शेवटी ब्रश जवळजवळ कोरडा करून फिकट रंग नुसता कडांवरून फिरवा. दगड उठून येतो. दोन रविवार लागतात, खर्च चहा-वड्यापेक्षा थोडा जास्त.

आमच्या कफ परेडच्या मच्छीमार नगरात गेल्या दिवाळीत पोरांनी या पद्धतीने खांदेरी केला. ट्रेचे तुकडे लावून, रंग देऊन पोरं खूश. शेजारचे नाखवा आले, कमरेवर हात ठेवून दोन मिनिटं बघत राहिले आणि म्हणाले, "सगळं बरं हाय. पण भरतीची रेघ कुठं हाय?" आम्ही सगळे गप्प. समुद्रातल्या तटाला खालून एक पट्टा असतो: शेवाळाचा काळपट हिरवा, त्यात कालवांचे पांढरे ठिपके, आणि मग एका ठरावीक उंचीवर कोरडा दगड सुरू होतो. नाखव्यांनी कधी ब्रश हातात धरला नसेल, पण आयुष्यभर बोटीतून तो दगड पाहिलाय. पोरांनी तासाभरात तो पट्टा रंगवला आणि पुठ्ठ्याचा किल्ला एकदम पाण्यात उभा राहिला.

आता यात पणाला काय लागलंय ते सांगतो. २०२५ च्या जुलैमध्ये युनेस्कोने मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारशाच्या यादीत घेतले. अकरा महाराष्ट्रातले, एक तामिळनाडूतला जिंजी. आमचा खांदेरीही त्यात आहे. फटाके वाजले, स्टेटस लागले. पण यापुढे या किल्ल्यांची डागडुजी होत राहणार, आणि ती नीट होतेय का हे बघणार कोण? जुन्या चुन्याच्या दरजांत सिमेंट भरलं तर ते दगडापुढे हट्टी ठरतं. चुना ओल बाहेर जाऊ देतो, सिमेंट ती अडवून धरतं, आणि मग शेजारच्या दगडाच्याच कडा फुटायला लागतात. अलिबागच्या कुलाबा किल्ल्याचे मोठमोठे दगड तर चुना न घालताच रचलेत. लाटेचं पाणी फटींत शिरतं आणि तिचा जोर मोडतो. उद्या तिथे कुणी 'फटी बुजवून मजबुती' करायला निघाला, तर त्याला अडवणारा माणूस कुठून येणार? ज्याने लहानपणी दरज म्हणजे काळ्या स्केचपेनची रेघ एवढंच शिकलंय, त्याला काहीच खटकणार नाही. तो तिथे सेल्फी काढेल.

आमच्या वस्तीपुरता आणखी एक मुद्दा आहे. थर्माकोलवर राज्यात २०१८ पासून बंदी आहे, तरी त्याचे गोळे आजही किनाऱ्यावर सापडतात. मखरातला तो 'दगड' शेवटी आमच्या जाळ्यात येतो, माशांबरोबर. अंड्याचा ट्रे पाण्यात विरघळून तरी जातो. आणि तो समुद्रात टाकायची गरजच काय? पुढच्या वर्षी पुन्हा वापरा.

एक आक्षेप मात्र मला मान्य आहे. पाच-सहा वर्षांची पोरं चिखलात हात घालून किल्ला करत असतील तर त्यांना मापं शिकवायला जाऊ नका. त्यांचा गुलाबी बुरूजही चालेल, त्यावर हळीव उगवलं की त्यांना स्वर्ग. माझं भांडण मोठ्यांशी आहे. स्पर्धा भरवणाऱ्यांशी, जे कारंजं आणि लाइटिंग बघून पहिलं बक्षीस देतात. मंडळांशी, जे दगडाची छपाई आणून 'हुबेहूब' असा बोर्ड लावतात. आणि त्या आईबाबांशी, जे वेळ नाही म्हणून तयार किल्ला आणतात आणि वर फेसबुकवर संस्कृतीचा फोटो टाकतात.

परीक्षकांनी फक्त एक करावं. प्रत्येक किल्ल्यापाशी पोरांना एकच प्रश्न विचारावा: "हा दगड कुठला, आणि तुम्ही तो कुठे पाहिला?" ज्यांना उत्तर देता येईल त्यांना बक्षीस. बाकी कारंजी-बिरंजी नंतर.

असो. फार बोललो. दिवाळीला अजून वेळ आहे, अंड्यांचे ट्रे जमवायला सुरुवात करा. आणि पुढच्या रविवारी फोर्टातून चालताना मोबाइल खिशात ठेवा, एखाद्या भिंतीसमोर दोन मिनिटं उभे राहा. लोक वेडे म्हणतील. म्हणू देत.

चू. भू. द्या. घ्या.