दुरुस्तीचा तास

गेल्या वैशाखात आमच्या घरचे कपडे धुण्याचे यंत्र एकाएकी अडून बसले. खटका दाबला की आतून मोटरीचा आवाज येई, टाकीत पाणीही भरलेले असे. परंतु तळाची चकती काही केल्या हलत नसे. बारा वर्षे त्या यंत्राने घरातील बायकामाणसांचे श्रम वाचविले होते. दुरुस्तीसाठी आलेल्या गृहस्थाने त्याच्या पाठीवर एक थाप मारली आणि ते न उघडताच मान हलवून तो म्हणाला, "काका, हे आता जुने झाले. यावर खर्च करण्यापेक्षा नवीनच घ्या." घरात सर्वांना ते पटले. मलाही पटले असते, पण सुट्टीत घरी असलेल्या माझ्या नातीने विचारले, "आजोबा, पण यातले नेमके काय बिघडले आहे?" या प्रश्नाचे उत्तर माझ्यापाशी नव्हते. ज्याने यंत्र टाकून देण्याचा सल्ला दिला, त्यानेही ते दिले नव्हते.

तीस वर्षांहून अधिक काळ मी मुलांना वाक्यपृथक्करण शिकविले. कर्ता कोणता, कर्म कोणते, क्रियापद कोणाला अनुसरून चालते, हे सांगता आल्यावाचून वाक्य समजले असे म्हणू नये, असा माझा आग्रह असे. आणि रोज डोळ्यांसमोर चालणाऱ्या यंत्राचा एकही अवयव मला ठाऊक नव्हता! नातीच्या प्रश्नाने मला प्रथमच याची लाज वाटली.

आम्ही दोघे सुट्या भागांच्या दुकानात गेलो. दुकानदाराने दोनच प्रश्न विचारले. "मोटर नुसती गुणगुणते, की फिरते?" आणि, "चकती हाताने फिरविली तर फिरते का?" मोटर फिरत होती आणि चकतीही हाताने सहज फिरत होती. "मग दोघांना जोडणारा पट्टा गेला असणार," तो म्हणाला. "जुना पट्टा काढून आणा. त्यावर क्रमांक छापलेला असतो. त्याच क्रमांकाचा नवा देतो. मोटर नुसती गुणगुणत असती, तर मात्र तुम्ही हात घालू नका, असेच सांगितले असते." यंत्र न पाहता या माणसाने त्याचा रोग ओळखला. विद्या म्हणतात ती याहून वेगळी काय असते?

घरी येऊन आम्ही नुसता खटका बंद केला नाही, तर प्लगच काढून ठेवला, टाकीतले पाणी सोडून दिले आणि पाठीमागचे झाकण उघडले. प्रत्येक स्क्रू काढण्यापूर्वी नात मोबाइलवर छायाचित्र घेई आणि काढलेले स्क्रू क्रमाने वाटीत ठेवी. आत पाहतो तो मोटरीचे लहान चाक, चकतीखालचे मोठे चाक आणि त्या दोहोंवरून जाणारा, कडा झिजून सैल पडलेला एक रबरी पट्टा! एवढ्यासाठी आम्ही एक सबंध यंत्र भंगारात घालणार होतो.

नवा पट्टा दोन वेळच्या भाजीच्या पैशांत मिळाला. मात्र पहिल्या खेपेस आमची फजितीच झाली. रुमाल, सदरे फिरले. पण चादर टाकताच चकती थबकली. पट्टा सैल बसला होता. पुन्हा प्लग काढला, झाकण उघडले, पान्ह्याने मोटरीचे नट ढिले करून ती किंचित मागे सरकवली आणि नट आवळले. पट्टा सैल राहिला तर घसरतो, फार ताणला तर चाकांच्या आसांवर भार येतो. मध्यभागी अंगठ्याने दाबला असता तो थोडासाच लवला पाहिजे. हे वाक्य दहा वेळा वाचून जे कळले नसते, ते अंगठ्याला एका क्षणात कळले. झाकण बसवून यंत्र सुरू केले, तेव्हा चादर गरगर फिरू लागली.

यावर कोणी म्हणेल की, घरोघरी लोक असे करू लागले तर कारागिरांच्या पोटावर पाय येईल. मला तसे वाटत नाही. मला वाट दाखविणारा कारागिरीचा जाणकारच होता. ज्या घराला यंत्राची थोडी ओळख असते, त्या घराला चांगल्या कारागिराची पारख असते. दुसरा आक्षेप धोक्याचा. तो मात्र खरा आहे. यंत्रातील कपॅसिटर नावाच्या भागात प्लग काढल्यावरही वीज साठून राहू शकते. म्हणून मुलांनी वडीलधाऱ्यांवाचून झाकण उघडू नये, आणि विजेचे काम जाणत्याकडेच सोपवावे. आपली मर्यादा कोठे संपते हे समजणे हाही दुरुस्तीच्या शिक्षणाचाच भाग आहे.

परंतु सुटा भागच मिळाला नाही, तर ज्ञान असून काय उपयोग? जगाला हा प्रश्न आता जाणवू लागला आहे. युरोपीय संघात मार्च २०२१ पासून असा नियम लागू झाला की, कपडे धुण्याच्या यंत्राचा एखादा प्रकार बाजारात आणणे बंद केल्यावरही निर्मात्याने त्याचे महत्त्वाचे सुटे भाग किमान दहा वर्षे उपलब्ध ठेवले पाहिजेत. आपल्या केंद्र शासनाच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये 'दुरुस्तीच्या हक्का'चा विचार करण्यासाठी समिती नेमली आणि त्याच वर्षी २४ डिसेंबरला, राष्ट्रीय ग्राहक दिनी, त्यासाठी एक संकेतस्थळ सुरू केले. ही पावले स्वागतार्ह आहेत. तथापि जो हक्क वापरण्याचे कौशल्य कोणाच्याच हातात उरले नाही, तो हक्क कागदावरच राहतो.

आणि येथे मला माझा एक अपराध कबूल केला पाहिजे. १९३७ साली वर्ध्याच्या शिक्षण परिषदेत महात्मा गांधींनी हस्तव्यवसायाच्या द्वारे शिक्षण देण्याचा विचार मांडला. पुढे १९६४ ते १९६६ या काळात काम करणाऱ्या कोठारी आयोगाने कार्यानुभव हा शालेय शिक्षणाचा अविभाज्य भाग असावा, अशी शिफारस केली. मुख्याध्यापक या नात्याने मी त्यावर भाषणे दिली. पण परीक्षा जवळ आली की वेळापत्रकातील कार्यानुभवाचा तास मुकाट्याने गणिताला देऊन टाकीत असे. एकाही पालकाने त्याबद्दल तक्रार केली नाही. माझ्या हाताखालून गेलेल्या कित्येक मुलांना आज घरातील यंत्र अडले की नवे विकत घेण्याखेरीज दुसरे काही सुचत नसेल, तर त्याचा काही दोष माझ्याकडेही येतो.

झाकण बसविण्यापूर्वी नातीने एका कागदावर पट्ट्याचा क्रमांक आणि तो बदलल्याची तारीख लिहून कागद झाकणाच्या आतल्या बाजूस चिकटविला. मी कारण विचारले, तेव्हा ती म्हणाली, "पुढच्या वेळी जो कोणी उघडेल, त्याला शोधावे लागू नये म्हणून." हा तास मी शाळेत घ्यावयास हवा होता. तो मला माझ्या घरी, माझ्याच नातीने घेतला.