डोंगर 'सर' करणाऱ्यांनो, जरा थांबा!

आमच्या मराठीत एक क्रियापद फार माजले आहे. ते म्हणजे 'सर करणे'. किल्ला सर केला, हे समजू शकते. तिथे समोर शत्रू असतो. पण डोंगर सर केला म्हणजे नेमके काय केले? डोंगराने कुणाशी युद्ध पुकारले होते? शाळेतील पोरांचे निबंध तपासताना दरवर्षी हे वाक्य येते, आणि गेली काही वर्षे मी त्याखाली लाल रेघ मारतो. पालक विचारतात, "सर, यात चूक ती काय?" त्यांना आजवर तोंडी जे सांगू शकलो नाही, ते या दिवाळीच्या निमित्ताने लिहून टाकतो. चूक भाषेची नाही, वृत्तीची आहे. आणि ती माझ्याही हातून घडलेली आहे.

2016 च्या डिसेंबरात आम्ही दोन शिक्षक नववी-दहावीची सात मुले घेऊन कुमारपर्वताला गेलो. कोडगू आणि दक्षिण कन्नड जिल्ह्यांच्या सीमेवरचा, पुष्पगिरी अभयारण्यातला हा डोंगर. उंची 1712 मीटर. बहुतेक मंडळी कुक्के सुब्रह्मण्यहून चढतात. ती वाट लांब, उघड्या गवताळ उतारांवरची आणि गर्दीची. दुसरी वाट सोमवारपेठच्या बाजूने, बीदहळ्ळीवरून. ती जवळची, पण बरीचशी दाट सदाहरित रानातून जाणारी आणि त्या काळी पुष्कळ कमी वापरातली. साहजिकच आम्ही दुसरी निवडली. 'कमी लोक जातात' एवढेच कारण. त्यात जिज्ञासा किती आणि मिरवण्याची हौस किती, याचा हिशेब तेव्हा केला नाही. आज करतो, तर हौसेचे पारडे जड भरते.

पायथ्याच्या वनखात्याच्या चौकीवर वहीत नावे लिहून घेतली. तिथल्या पहारेकऱ्याने सोबत वाटाड्या न्या म्हणून सुचवले. मी रुबाबात कन्नडमध्ये सांगितले, "आम्ही बेळगावचे. फलक वाचता येतात." दिवसाच्या मजुरीचे पैसे वाचवले, आणि सीमाभागातल्या माणसाला दोन भाषा येतात याचा तोराही मिरवून घेतला.

चढताना अडचण आली नाही. झाडांच्या सावलीतून ओढे ओलांडत वर गेलो, शेवटचा खडकाळ चढ हातापायांनी चढलो, दुपारी माथ्यावर पोचलो. मुलांनी घोषणा दिल्या, छायाचित्रे काढली, डबे खाल्ले. उतरताना धुके आले. खडक संपून रान सुरू झाल्यावर डावीकडे एक पायवाट दिसली. ती खाली जवळ नेईल असे मला वाटले. ती वाट माणसांची नव्हतीच, जनावरांची होती. अर्ध्या तासात ती झुडपांत विरून गेली. मागे वळलो तर मागची वाटही सापडेना. धावपळीत दहावीतल्या एका मुलाचा पाय दगडांत अडकून घोट्याचे हाड मोडले.

आम्हाला सोडवले ते त्या वहीने. संध्याकाळी नावांवर परतीची खूण पडली नाही, म्हणून तो पहारेकरी आणि कॉफीच्या मळ्यातला एक म्हातारा मजूर कंदील घेऊन वर आले. आमच्या हाका ऐकून त्यांनी आम्हाला गाठले. म्हातारा अरेभाषेत बोलत होता. माझ्या शालेय कन्नडला ती निम्मीच कळत होती. त्याने रागावण्याआधी एकच प्रश्न विचारला, "कोणत्या झाडापाशी चुकलात?"

वाचकहो, आम्ही नऊ जण होतो. त्यांत एक विज्ञानाचा शिक्षक आणि एक एम. ए. झालेला. एकालाही उत्तर देता आले नाही. मी म्हणालो, "एका मोठ्या झाडापाशी." म्हातारा हसला. त्या रानात सगळीच झाडे मोठी होती. सबंध दिवस ज्या रानातून चाललो, त्यातले एकही झाड आम्ही पाहिले नव्हते. आमचे डोळे शिखरावर होते. फलकावरची अक्षरे वाचता येण्याचा अभिमान बाळगणारा मी त्या रानात निरक्षर ठरलो.

मुलाला आळीपाळीने पाठीवर घेऊन खाली आणले. सहा आठवडे पाय प्लास्टरमध्ये राहिला, पूर्वपरीक्षा बुडाली. त्याचे वडील मला एक शब्दही बोलले नाहीत. ते बोलले असते तर बरे झाले असते.

यावर काही पालक म्हणतील, "म्हणजे मुलांना डोंगरावर नेऊच नका!" हा तर दुसरा आळशी निष्कर्ष. आजकाल सहलीच्या बसगाड्या जलक्रीडेच्या बागांकडे वळतात, कारण तिथे जबाबदारी तिकिटात मिळते. मी तसे म्हणत नाही. न्या, पण शिकायला न्या. आम्हा मराठी माणसांना गड नसलेला डोंगर दिसतच नाही; बुरूज नाही, इतिहास नाही, तर तिथे काय पाहायचे, असा आमचा प्रश्न असतो. अहो, ते रान हाच इतिहास आहे. माथ्याजवळचे गवत आणि घळींतली झाडी पावसाचे पाणी धरून ठेवतात आणि सावकाश सोडतात. म्हणून पावसाळा सरल्यावरही कुमारधारा वाहते. हजारो पावलांनी माती दाबली गेली की पाणी मुरत नाही, माती घेऊन धावत सुटते. बेळगावात आपण राकसकोपचे पाणी पितो, तेही याच सह्याद्रीच्या कृपेने.

दुसरा आक्षेप नोंदणीचा. जानेवारी 2024 मध्ये प्रजासत्ताकदिनाच्या सुट्टीत याच कुमारपर्वताच्या कुक्के वाटेवर शेकडो माणसांची रांग लागली. ती छायाचित्रे देशभर फिरली. मग कर्नाटक सरकारने ऑनलाइन नोंदणी नसलेल्या वाटांवरची चढाई थांबवली, आणि पुढे नोंदणी व रोजच्या संख्येची मर्यादा घातली. लगेच ओरड झाली, "डोंगर काय सरकारच्या बापाचा?" नाही, पण तुमच्या-माझ्याही बापाचा नाही. ज्या वहीने माझी सात मुले परत दिली, त्या वहीला मी जाच म्हणणार नाही. माझी तक्रार उलटी आहे. नोंदणी माणसे मोजते, शहाणी करत नाही. मर्यादा आली की लोक नवी 'अनवट वाट' शोधतात, ती जगाला सांगतात, आणि दोन वर्षांत तिचीही जत्रा करतात. गर्दीला कंटाळून निघालेला माणूसच गर्दीचा पहिला दूत होतो!

म्हणून माझे म्हणणे सरळ आहे. अनवट वाटेने जायचे तर वाटाड्या घ्या आणि त्याला पुरी मजुरी द्या, बक्षिशी नव्हे. त्याची भाषा कानडी असो, अरेभाषे असो की कोकणी, तिच्यातली दहा झाडांची नावे शिकून या. आपण दोन भाषांत वाढलेली माणसे. हे आपल्याला इतरांपेक्षा सोपे जायला हवे. भाषेवरून भांडायला आपण तत्पर असतो, मग भाषेतून शिकायला मागे का?

आमच्या शाळेत आता नियम आहे. सहलीहून आल्यावर निबंधात शिखराची उंची लिहिली नाही तरी चालते. वाटेवरची पाच झाडे मात्र लिहावीच लागतात, आणि ती कुणी सांगितली त्याचे नावही. पाय मोडलेला तो मुलगा गेल्या वर्षी भेटायला आला होता. मी त्याची क्षमा मागितली, आठ वर्षांनी. तो म्हणाला, "सर, त्या आजोबांनी मला पाठीवर घेतलं होतं, तेव्हा ते वाटेत एकेका झाडाला हात लावून नाव सांगत होते. मला अजून दोन आठवतात."

मला एकही आठवत नव्हते. त्याने ती दोन नावे सांगितली, आणि मी वहीत लिहून घेतली.