निवृत्तीनंतरचाही सराव
कबड्डी, खो-खो गाजवलेले अनेक खेळाडू पन्नाशीनंतर कठडा धरून जिना उतरतात. जुन्या दुखापतींमुळे त्यांच्या गुडघ्यांची झीज लवकर सुरू होते. त्यावर नुसता आराम हा उपाय नव्हे. हालचाल थांबली की मांडीचे स्नायू रोडावतात आणि सांध्याचा आधारच जातो. पहिल्या महायुद्धात ब्रिटनमध्ये स्थानबद्ध असताना जोसेफ पिलाटीस यांनी घडवलेली व्यायामपद्धती इथे उपयोगी ठरते. पाठीवर झोपून, श्वासाच्या लयीत पाय उचलताना पोट, नितंब, मांड्या बळकट होतात आणि गुडघ्याला हादरा बसत नाही. झिजलेली कूर्चा परत येत नाही, पण वेदना कमी होऊ शकतात. क्रीडा संघटनांनी फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखाली असे वर्ग सुरू करावेत. ज्यांच्या जोरावर चषक मिळवले, त्यांचे एवढे देणे त्या लागतातच.